गाठीखालचा डाग

तुकडा अठरा मिलिमीटर रुंद होता आणि साडेतीन मिलिमीटर जाड. तुटलेल्या बाजूवर दोन रंग होते. एका कडेपासून तेरा मिलिमीटरपर्यंत तपकिरी, आणि पुढचे पाच मिलिमीटर राखाडी, चकचकीत, साखरेच्या कणांसारखे. दोन रंगांमधली रेघ सरळ नव्हती. ओहोटीनंतर वाळूवर राहते तशी ती किंचित वळत गेली होती. मी भिंग बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. तेरा आणि पाच.

प्रयोगशाळेच्या बाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर आप्पा बसले होते.

आप्पा म्हणजे भिकाजी पांचाळ, खारवेळ बंदरातले लोहार. वय त्रेसष्ट. त्या दिवशी पहाटेची एसटी पकडून ते आमच्या पॉलिटेक्निकमध्ये आले होते, आणि येताना पंच्यात गुंडाळून एका सुरीची मूठ आणली होती. नुसती मूठ. पातं मुठीच्या तोंडाशी मोडून समुद्रात गेलं होतं. माझ्या टेबलावर मूठ ठेवताना त्यांनी ती अशी ठेवली, जणू तिला अजून धार होती.

"बाय, तुझ्या भिंगात बघ आनि मला सांग," ते म्हणाले होते. "माझा पानी चुकला का?"

लोहाराच्या भाषेत पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं ऐन रंगावर आलं की बुडवून त्याला कडकपणा आणणं. तेलात बुडवलं तरी त्याला पाणीच म्हणतात. रंग ओळखायला डोळ्याशिवाय दुसरं साधन नसतं. चार महिन्यांपूर्वी आप्पांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि ती सुरी मोडल्यापासून सगळं बंदर एकच बोलत होतं: म्हाताऱ्याला रंग दिसत नव्हता, तरी तो पाणी देत राहिला. त्या बोलण्यावरचं उत्तर न्यायला आप्पा माझ्याकडे आले होते.

मूठ चिरताना यंत्राजवळ कुणाला थांबू द्यायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. म्हणून मी त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला आणि बाहेर बसायला सांगितलं. नियम होता हे खरं आहे. मी तो याआधी कधी इतका काटेकोरपणे पाळला नव्हता, हेही खरं आहे.

*

दोन वर्षांपूर्वी मी खारवेळला पहिल्यांदा गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. धातुशास्त्रातली डॉक्टरेट नुकतीच मिळाली होती आणि माझ्या नावावर पहिलाच स्वतंत्र प्रकल्प होता: मच्छीमारांसाठी न गंजणारी सुरी. बोटीवर प्रत्येक खलाशाच्या कमरेला सुरी असते. मासे साफ करायला, जाळं सोडवायला. पण मुख्य म्हणजे दोर कापायला. ओढीला लागलेल्या दोराचा फास पायात पडला, तर माणसाकडे तीन-चार सेकंद असतात. सुरी त्या तीन-चार सेकंदांसाठी असते.

आप्पा त्यांच्या सुऱ्या ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवत. उत्तम सुऱ्या होत्या त्या. चिवट, धार धरणाऱ्या, पण समुद्रावर पंधरा दिवसांत लाल होणाऱ्या. ही तक्रार माझ्याकडे पहिल्यांदा केली ती हरेश्वर पावसेने. अठ्ठावीस वर्षांचा खारवी, बोलण्यात कुणाला हार न जाणारा.

"मॅडम, आमची सुरी मंजे नवी बायको," तो म्हणाला. "रोज तेल लावा, रोज पुसा. एक दिवस विसरलात की तोंड लाल करून बसली."

"तुझ्या बायकोला सांगू?" आप्पांनी भात्यावरून विचारलं.

"तिला कशाला? ती तेलाशिवाय पन लाल होते."

मी तीन पोलादं नेली होती. एक आप्पांचा कमानपाटा. दुसरं बेअरिंगचं, फार कडक. तिसरं स्टेनलेस, तेरा टक्के क्रोमियमचं. आप्पांनी तिन्ही पट्ट्या एकामागून एक फिरत्या सहाणेला लावल्या. कमानपाट्यातून फुलबाजीसारख्या फांद्या फुटलेल्या ठिणग्या उडाल्या. बेअरिंगच्या पोलादाच्या ठिणग्या त्याहून दाट होत्या. स्टेनलेसमधून मात्र चार-दोन आखूड, तांबूस ठिणग्या निघाल्या आणि तिथेच विझल्या.

"ही बोलत नाय," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"कमानपाटा बोलता. दुखला-खुपला तर लाल होता, कळता. ही मुकी. मुक्या जनावराचा दुखना कसा कळायचा?"

"आप्पा, ती आजारीच पडणार नाही," मी म्हटलं.

हरेश्वर हसला. "बघा! डॉक्टरीणबाय सांगतायत."

मी केवळ तोंडी सांगून थांबले नाही. तिन्ही पोलादांच्या पाच-पाच पट्ट्या, प्रत्येकीला भोक पाडून, नायलॉनच्या दोराने जेटीच्या खांबाला बांधल्या. भरतीला बुडतील, ओहोटीला उघड्या पडतील अशा. तीस दिवसांनी काढल्या. कमानपाट्याच्या पट्ट्यांवर पापुद्रे आले होते. बेअरिंगच्या पट्ट्यांवरही तसेच. स्टेनलेसच्या पाचही पट्ट्या बादलीतल्या पाण्यात बुडवून काढल्या आणि हरेश्वरने त्यातली एक तोंडासमोर धरून भांग पाडला.

आप्पांनी दुसरी पट्टी घेतली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दोराची गाठ सोडली आणि भोकाभोवती अंगठा फिरवला.

"बाय, ह्या गाठीखाली काय हाय?"

मी पाहिलं. गाठ जिथे पोलादाला घट्ट चिकटली होती तिथे मसुराएवढा तपकिरी डाग होता. पाचांपैकी चार पट्ट्यांवर.

"बांधलेल्या जागेचा डाग आहे," मी म्हटलं. "ती जागा मोजमापात धरत नाहीत."

"का?"

"प्रयोग उघड्या पोलादाचा आहे, आप्पा. गाठीचा नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायचं त्यांनी तेव्हाच ठरवलं असावं, कारण त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचे थांबले आणि बाय म्हणू लागले. आमच्या भागात मुलीला म्हणतात तसं.

नवं पोलाद कमानपाट्यापेक्षा जवळजवळ दोनशे अंश जास्त तापवावं लागतं. मी उष्णतामापक घेऊन त्यांच्या भट्टीशेजारी आठ दिवस बसले. कमानपाट्याचा रंग त्यांच्या भाषेत पिकल्या रातांब्याचा, म्हणजे गडद लाल, होता. नव्याचा रंग कोणता, ते ते शोधत होते. पाचव्या दिवशी त्यांनी सांडशीत पातं धरून मला न विचारता बाहेर काढलं, तेलात बुडवलं आणि मग विचारलं, "किती होता?"

"एक हजार वीस."

"पिकली सुपारी," ते त्या नारिंगी रंगाला म्हणाले. "लक्षात राहील."

त्यानंतर त्यांनी चाळीस सुऱ्यांना पाणी दिलं. प्रत्येकीवर क्रमांक ठोकला होता. प्रत्येकीची कठिणता मी प्रयोगशाळेत मोजली आणि वहीत उतरवली. चाळीसच्या चाळीस सुऱ्यांमध्ये एका अंकाचाही फरक नव्हता. एकसष्टाव्या वर्षी एका माणसाने नुसत्या डोळ्याने एक नवीन धातू शिकून घेतला होता. आमच्या वीजभट्टीतही इतकं एकसारखं काम मी पाहिलं नव्हतं.

राहिली मूठ.

जुन्या सुरीचा मुठीत जाणारा भाग, ज्याला आप्पा शेपूट म्हणत, लाखेने बसवलेला असे. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, समुद्र उघडायच्या आधी, बंदरातले सगळे जण सुऱ्या घेऊन आप्पांच्या अंगणात येत. आप्पा मूठ शेकत, लाख सैल झाली की पातं उपसून काढत, शेपूट बघत, कानशीने घासत, पुन्हा ताज्या लाखेत बसवत. एका सुरीमागे एक नारळ. दुपारपर्यंत अंगणात नारळांचा ढीग आणि लाखेचा वास. पहिल्या वर्षी ते पाहून मला गंमत वाटली होती. पूजेसारखंच काहीतरी, असं मी समजले.

नव्या सुरीची मूठ मी आखली. शिसवीच्या दोन फळ्या, मधे शेपूट, आरपार दोन रिवेटी आणि सगळ्या फटींत एपॉक्सी गोंद. कायमची.

"ही उघडायची कशी?" आप्पांनी विचारलं.

"उघडायची नाही."

"मग आतला बघायचा कसा?"

"बघायचं कशाला? आत काही होणारच नाही."

"बाहेरचा गंज कोन पन पुसता, बाय. आतला कोन पुसनार?"

"आप्पा, गंजच नाही तर आतला काय आणि बाहेरचा काय?"

हरेश्वर मधे पडला. "आप्पा, तुमाला गंजाची नाय, नारळाची काळजी!"

सगळे हसले. आप्पाही हसले. पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम खारवेळला गेले. अंगण रिकामं होतं. आप्पांनी सवयीने लाख वितळवून ठेवली होती, ती भांड्यात पुन्हा थिजत आली होती. सकाळी दहाच्या सुमारास हरेश्वर जाता-जाता थांबला, सुरी म्यानातून काढून उन्हात फिरवली.

"बघा, आरसा!" तो म्हणाला आणि गेला. त्याच्या सुरीवर तेवीस क्रमांक होता.

आप्पांनी लाखेचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "एक उघडून बघू काय? एकच. हरेशची बघू. तो रागवायचा नाय."

"उघडली तर ती मोडेल, आप्पा. चाळीसांतला एक नमुना कमी होईल. मला तीन वर्षांचे आकडे हवे आहेत."

"बरा," ते म्हणाले. "तू सांगशील तसा."

*

दुसऱ्या मोसमातल्या ऑक्टोबरात जाळं ओढताना हरेश्वरच्या घोट्याभोवती दोराचा फास पडला. त्याने सुरी काढली. दोराच्या तीन पेडांपैकी दोन तुटले. तिसऱ्यावर जोर लावताना पातं मुठीतून मोडलं आणि पाण्यात गेलं. दोराने त्याचा पाय ओढण्याच्या यंत्रात नेला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत सहा तास गेले. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

मूठ त्याच्या हातातच राहिली होती. बोटीवरच्या लोकांनी ती आप्पांच्या ओट्यावर आणून ठेवली. आप्पा ती घेऊन माझ्याकडे आले.

आणि आता माझ्या टेबलावर तेरा आणि पाच होते.

मी मूठ चिरली तेव्हा एपॉक्सी शेपटीपासून सुटून नखाच्या पापुद्र्यासारखं बाहेर आलं होतं. आतून ओलसर, लोखंडी वास आला. मी वही काढून तेवीस क्रमांक पाहिला. कठिणता हवी तितकीच होती. उरलेल्या चकचकीत भागावर मी पुन्हा कठिणता मोजली. तीच आली. त्यानंतर मी खुर्चीवर बसले. किती वेळ ते मी मोजलं नाही. भिंतीवर माझ्या प्रकल्पाचा तक्ता होता. पुढच्या महिन्यात पाहणीसाठी समिती यायची होती.

मी बाहेर गेले. आप्पांनी चहा अर्धा प्यायला होता. ते उभे राहिले.

"चुकला काय, बाय?"

त्यांनी तोंड माझ्याकडे केलं होतं, पण नजर माझ्या खांद्यावरून जात होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला उजेड सहन होत नसावा. मी त्या नजरेकडे बघून बोलले असते तर कदाचित वेगळं बोलले असते. मी ग्लासाकडे बघितलं.

"शक्यता नाकारता येत नाही, आप्पा."

ते खाली बसले. ग्लास बाकावर ठेवला.

"मंजे चुकला."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाय. तुमी शिकलेली मानसा तसा म्हनत नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलाच होता. तेवीस नंबराच्या वेळेला डोळ्यात पानी येत होता. पिकली सुपारी बघितली मी, पन पुढे गेली असेल. रंग पुढे गेला असेल."

"आप्पा, बाकीच्या सगळ्या सुऱ्या परत मागवा," मी म्हटलं. "आजच. कुणीही ती सुरी घेऊन समुद्रावर जाता कामा नये."

"मागवतो," ते म्हणाले. "माझ्या नावानेच मागवतो. तुझ्यावर कशाला?"

त्यांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि एसटी स्टँडच्या दिशेने निघाले. फाटकाशी थांबून मागे वळले. मला वाटलं, विचारतील. मूठ आतून कशी होती ते विचारतील. त्यांनी विचारलं, "हरेशला बघायला जाशील ना?"

मी हो म्हटलं.

*

एकोणचाळीस सुऱ्या चार दिवसांत परत आल्या. त्या आणायला मी खारवेळला गेले होते, म्हणून मी ते पाहिलं. लोक अंगणात येत, सुरी ओट्यावर टाकत आणि न बोलता जात. कुणी हातात देत नव्हतं. एक बाई तेवढी बोलली. तिचा मुलगा हरेश्वरच्याच बोटीवर होता. "डोळे गेले होते तर सांगायचा होता आप्पा," ती म्हणाली. "आमी काय तुमाला उपाशी ठेवला असता?" आप्पा सुऱ्या उचलून पोत्यात भरत राहिले.

मी त्या सगळ्या उघडल्या. अकरांच्या मुठीत तोच तपकिरी रंग होता, कुठे दोन मिलिमीटर, कुठे नऊ. बाहेरून सगळ्या आरशासारख्या.

स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या एका अतिशय पातळ थरामुळे. तो थर हवेवर जगतो. ओरखडा पडला तर हवा लागून पुन्हा तयार होतो. पण जिथे खारं पाणी शिरतं आणि हवा पोचत नाही, अशा बंद फटीत तो थर मरतो आणि पोलाद आतल्या आत खाल्लं जातं. फळीखाली. वॉशरखाली. दोराच्या गाठीखाली. हे मी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. तेरा मिलिमीटरची भेग महिनोन् महिने मुठीच्या आत वाढत गेली होती. त्या दिवशी दोरावर हरेश्वरच्या हातात पाचच मिलिमीटर पोलाद उरलं होतं, आणि त्या पाच मिलिमीटरांना दिलेलं पाणी अचूक होतं.

वर्षातून एकदा मूठ उपसली असती तर कुणालाही ते दिसलं असतं. भिंगाचीही गरज नव्हती.

समितीपुढच्या अहवालात मी लिहिलं: 'एका नमुन्यात पाते मोडण्याची घटना घडली. कारण निश्चित करता आले नाही. खबरदारी म्हणून सर्व नमुने परत घेण्यात आले.' तिन्ही वाक्यांतलं मधलं वाक्य खोटं होतं. अहवाल स्वीकारला गेला.

आप्पांनी पाणी द्यायचं बंद केलं. भट्टी चालू ठेवली, पण पाणी लागत नाही अशीच कामं घेऊ लागले. बिजागऱ्या, कड्या, होडीचे हूक, खिळे. सुऱ्या लोक शहरातून आणू लागले. पहिल्या वर्षी मी दोनदा त्यांच्याकडे गेले. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले होते. पहिल्यांदा त्यांच्या घरी पाहुणे होते. दुसऱ्यांदा कुणीही नव्हतं. काकींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आप्पा समोर बसून मी किती खाते ते बघत राहिले, आणि मी जेवून, हात धुऊन परत आले. त्यानंतर गेले नाही. आधी 'या सुट्टीत', मग 'पुढच्या वर्षी', मग एवढ्या वर्षांनी सांगून कुणाचं काय भलं होणार, असं.

तेवीस क्रमांकाच्या शेपटीचा तुकडा मी एका काचेच्या बाटलीत ठेवला होता, ओल शोषणाऱ्या खड्यांसकट, झाकण मेणाने बंद करून. तो गंज पुढे सरकू नये म्हणून. एकोणीस वर्षं तो सरकला नाही.

*

स्वेच्छानिवृत्तीच्या आधी मी कपाट रिकामं केलं आणि बाटली पिशवीत घातली. मार्चमधल्या एका दुपारी खारवेळला उतरले. काकी चार वर्षांपूर्वी गेल्याचं मला एसटीतच एका बाईकडून कळलं.

आप्पांच्या ओट्यावर दोन माणसं होती. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, ब्याऐंशी वर्षांचे, हाताच्या काड्या झालेल्या. त्यांच्या पायाशी हरेश्वर जाळं विणत होता. त्याचा नकली पाय काढून शेजारी उभा करून ठेवला होता, चपलेसकट. डोक्याचे केस पांढरे झाले होते.

"कोन आलाय?" आप्पांनी विचारलं.

"मॅडम आल्यायत," हरेश्वर म्हणाला. "तुमची बाय. आता चश्मा जाड झालाय, बाकी तशीच."

"बाय?" आप्पांनी हात पुढे केला. मी तो धरला. "बस. हरेश, उठ, पानी आन."

"उठ म्हनतात! माझा एक पाय खाल्ला, आता दुसरा पन झिजवायचाय ह्यांना."

"गेली एकोनीस वर्सा हाच ऐकतोय मी," आप्पा म्हणाले. "रोज दुपारला येऊन ऐकवतो. शिक्षाच हाय."

"नाय आलो तर विचारतात, आज का नाय आला!"

हरेश्वरने पाय चढवला आणि पाणी आणायला आत गेला. तो रोज येतो हे मला ठाऊक नव्हतं. तो आपल्या गेलेल्या पायाचा हिशेब मागायला इथे येत होता की म्हाताऱ्याला सोबत म्हणून, ते मला कळलं नाही.

"आप्पा, दिसतं का काही?"

"उजव्याला उजेड-काळोख कळता. डाव्याला तेवढा पन नाय." ते थोडं हसले. "तेव्हाच ओळखायला पायजे होता मी. तुला सांगून टाकायला पायजे होता, की बाय, माझा डोळा आता भरवशाचा नाय. लाज वाटली. त्या लाजेपायी ह्याचा पाय गेला."

हरेश्वर पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. "सोडा आता ता, आप्पा," तो म्हणाला. हे तो चेष्टेत म्हणाला नाही.

मी पिशवीतून बाटली काढली. मेण खरवडलं. झाकण घट्ट बसलं होतं. ते मी पदरात धरून फिरवलं. तुकडा तळहातावर घेतला आणि आप्पांच्या हातात ठेवला.

"काय ह्या?"

"तेवीस नंबरची शेपूट. मुठीतली."

त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी तुकडा डाव्या हाताच्या चिमटीत धरला आणि उजव्या हाताचा अंगठा तुटलेल्या बाजूवर ठेवला. कडेपासून तो हळूहळू पुढे नेला. पहिले तेरा मिलिमीटर खडबडीत, खाल्लेले. तिथे रेघ. पुढे पाच मिलिमीटर बारीक, तीक्ष्ण, स्वच्छ. अंगठा शेवटपर्यंत गेला, मागे आला, रेघेवर थांबला. त्या चकचकीत भागावर ते बराच वेळ नख घासत राहिले.

"हा एका वेळेला मोडलेला नाय," ते म्हणाले.

"नाही."

"हा इथपरयंत आधीच गेलेला होता. आतून." त्यांनी तुकडा नाकाशी नेला, हुंगला. "गाठीखाली होता, तोच डाग."

हरेश्वरने तांब्या ओट्यावर ठेवला. तो माझ्याकडे बघत होता. समोरच्या नारळाच्या सावलीत कुणाच्या तरी कोंबड्या जाळ्यात पाय अडकवून घेत होत्या आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाय," आप्पा म्हणाले. त्यांनी तुकडा मुठीत धरला होता. "तू ह्या कधी बघितलास?"

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. या खेपेला बघितलं.

"त्याच दिवशी, आप्पा. तुम्ही बाहेर चहा पीत होतात तेव्हा. तुमचं पाणी चुकलं नव्हतं. तुमच्या डोळ्यांनीही काही चूक केली नव्हती. ते पोलाद मी निवडलं, आणि मुठी उघडायच्या नाहीत, हे मी सांगितलं. हरेश, तुझा पाय माझ्यामुळे गेला."